वेशीवर पहारा कोणाचा?

गावाला वेस असावी आणि वेशीवर पहारा असावा, हे आपल्या पूर्वजांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मराठवाड्यातल्या जुन्या गावांतून अजूनही पडक्या वेशी दिसतात. दरवाजे केव्हाच गेले, कमानीवर पिंपळ उगवला. पण दिवेलागणीनंतर येणाऱ्या परक्याला ‘कोण, कुठला, कोणाकडे?’ असे तीन प्रश्न विचारून मगच आत सोडण्याची ती जागा होती. हे तीन प्रश्न आज पुन्हा महत्त्वाचे झाले आहेत. फरक एवढाच की आताची वेस दगडामातीची नाही. ती बँकेच्या, टेलिफोन कंपनीच्या, बंदराच्या संगणकांभोवती आहे, आणि तिच्याशी येणारा पाहुणा म्हणजे तारेतून येणारा संदेश आहे. या वेशीला संगणकाच्या भाषेत ‘फायरवॉल’ म्हणतात. शेजारच्या इमारतीची आग आपल्याकडे येऊ नये म्हणून मध्ये बांधलेली जाड भिंत, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ.

हा विषय तंत्रज्ञांचा, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी ३१ जुलै २०२४ ची आठवण करावी. त्या दिवशी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला देशाच्या किरकोळ देवघेवीच्या जाळ्यापासून तोडले. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते. तिच्या यंत्रणेत खंडणीखोर विषाणू, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पैसे मागणारा ‘रॅन्समवेअर’, शिरल्याची शक्यता होती. तो पुढे पसरू नये म्हणून नाके बंद झाले आणि सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक एका फटक्यात बाहेर राहिले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, सेवा पूर्ववत झाली. तेव्हाच्या बातम्यांत एक आकडा होता : या सगळ्या बँकांचा देशाच्या एकूण व्यवहारांतला वाटा जेमतेम अर्धा टक्का.

दिल्ली-मुंबईहून पाहिले तर अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही. पण हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावात उभे राहून पाहिले तर हिशेब निराळा होतो. औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना लागणारे हे गाव. मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी दूरदूरचे यात्रेकरू इथे येतात आणि आजूबाजूचा शेतकरी हळद घेऊन वसमतच्या बाजारात जातो. अशा गावांत जुलैअखेर म्हणजे खरिपाला खताचा दुसरा हप्ता द्यायचे दिवस. त्या दिवशी ज्याचे खाते अशा एखाद्या लहान बँकेत असेल, त्याला दुकानदारासमोर मोबाइल पुढे करून नुसते बघत राहावे लागले असणार. त्याच्या घरचा तो अर्धा टक्का नव्हता, शंभर टक्के होता.

तेव्हा हा विषय आपलाही आहे.

सहीचे पुस्तक

माझी हयात बँकेत गेली. त्यातली काही वर्षे मी शिरड शहापूरच्या शाखेत काढली. तेव्हा संगणक नव्हते. जाडजूड लेजरे होती, पितळी टोकन होते आणि तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक मॅनेजरकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोघे एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नसे. दोघांचे भांडण असले तरी या एका कामासाठी सकाळ-संध्याकाळ त्यांना शेजारी उभे राहावेच लागे!

त्या शाखेतही वेस होतीच. परगावच्या शाखेने काढलेला ड्राफ्ट आला की तो देखणा आहे, छापील आहे, शिक्का ठसठशीत आहे, यावर आम्ही पैसे देत नव्हतो. कपाटातून अधिकाऱ्यांच्या नमुना सह्यांचे पुस्तक काढायचे, सही आणि तिचा क्रमांक ताडून पाहायचा, मगच ‘पास’चा शेरा मारायचा. तारेने पैसे पाठवायचे झाले तर संदेशात एक गुप्त आकडा घालावा लागे. तारीख, रक्कम, शाखा यांवरून तो ठरे. आकडा जुळला नाही तर तार खुद्द मुख्य कचेरीची असली तरी पैसे थांबत. ग्राहक चिडत. ‘साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?’ असे विचारत. प्रश्न विश्वासाचा नव्हताच. बाहेरून आलेला प्रत्येक कागद खरा ठरेपर्यंत खोटा मानायचा, हा कामाचा नियम होता.

फायरवॉल नेमके हेच करते. इंटरनेटवरून येणारी माहिती लहान लहान पुडक्यांत विभागून येते. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि कोणत्या खिडकीवर जायचे तो क्रमांक असतो. तहसील कचेरीत सातबाऱ्याची खिडकी वेगळी आणि उत्पन्नाच्या दाखल्याची वेगळी, तसेच हे. फक्त एका संगणकाला अशा ६५ हजारांवर खिडक्या असतात. पहारेकऱ्याच्या हातात नियमांची यादी असते. वरून खाली तो एकेक नियम वाचतो. अमुक पत्त्यावरून आलेल्याला अमुक खिडकीपर्यंत जाऊ द्यावे, तमुक खिडकी बाहेरच्यांना बंद. यादीचा शेवटचा नियम एकच असायला हवा : वर ज्याचा उल्लेख नाही, त्याला प्रवेश नाही. शिवाय आतून कोणी काय मागवले याची आठवण हा पहारेकरी ठेवतो. तुम्ही विचारणा केली असेल तर तिचे उत्तर आत येते. न विचारता आलेले उत्तर दारातच अडते.

पत्ता खरा कशावरून?

मात्र यात एक मेख आहे. पुडक्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पाठवणाराच लिहितो. पोस्टकार्डावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. पोस्टमन त्याची शहानिशा करत नाही. टपालाचा शिक्का मात्र खोटे बोलत नाही. पत्र पुण्याचे म्हणते आणि शिक्का पाटण्याचा, असे दिसले की शहाणा माणूस सावध होतो. इंटरनेटच्या जाणकारांनी हीच युक्ती १९९८ साली लेखी मांडली आणि २००० साली ती सर्वमान्य शिफारस म्हणून पुढे आली. प्रत्येक सेवा कंपनीने आपल्या ग्राहकाकडून आलेले पुडके आपल्या जाळ्यात घेतानाच पाहावे, की त्यावरचा पत्ता त्या ग्राहकाला दिलेला आहे का. नसेल तर ते तिथेच टाकून द्यावे. इतकी साधी गोष्ट. पण ती सगळ्यांनी करायची असते. जो करतो त्याचा खर्च होतो आणि फायदा मात्र शेजाऱ्याचा होतो. त्यामुळे पाव शतक उलटूनही ती सगळीकडे पाळली जात नाही. गावातल्या विहिरीभोवती कठडा बांधण्याच्या कामाचे जे होते, तेच याचे झाले.

याचा अनुभव आपण सर्वांनी टेलिफोनवर घेतला आहे. मोबाइल वाजतो, पडद्यावर +९१ ने सुरू होणारा, आपल्याच देशाचा क्रमांक दिसतो आणि पलीकडचा कोणी ‘पोलीस अधिकारी’ दरडावून सांगतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत. कॉल परदेशातून असतो, क्रमांक बनावट असतो. निवृत्त शिक्षक, एकट्या राहणाऱ्या आजी, परदेशी मुले असलेली जोडपी, अशा कितीतरी जणांची आयुष्याची पुंजी या एका खोट्या क्रमांकाने नेली.

मग २२ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने परदेशातून येणारे असे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली. तिचे सूत्र टपालाच्या शिक्क्याचेच आहे. कॉल परदेशी तारेवरून आला आणि क्रमांक भारतीय मोबाइलचा दाखवतो. तर मग तो ग्राहक आत्ता खरोखर परदेशात आहे का? नसेल तर कॉल देशाच्या वेशीवरच तोडायचा. पहिल्या २४ तासांत १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. सरकारने सांगितले की भारतीय क्रमांक दाखवत बाहेरून आलेल्या कॉलपैकी हे सुमारे ९० टक्के होते. म्हणजे दहातले नऊ पाहुणे सोंग घेऊन आले होते, आणि इतके दिवस आपण त्यांना दार उघडत होतो!

यानंतर चोर गप्प बसले का? नाही. काहींनी उघडउघड परदेशी क्रमांक वापरले. काहींनी देशातच भाड्याच्या खोल्यांत ‘सिम बॉक्स’ नावाची यंत्रे लावली. परदेशातून इंटरनेटवर आलेला आवाज त्या यंत्रातल्या भारतीय सिमकार्डावरून पुढे जातो आणि कॉल अगदी गावातल्यासारखा दिसतो. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना याचे नवल वाटणार नाही. निजामी राजवटीत सरहद्दीवर करोडगिरीची नाकी होती. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड. हमरस्त्यावर नाका कडक झाला की माल आडवाटेने फिरायचा. नाक्यामुळे चोरी थांबली नाही तरी ती महाग होते, हाही काही लहान फायदा नाही. पण नाका आहे म्हणून निर्धास्त झोपणे परवडत नाही.

सुट्टीच्या दिवशी

वेसच नसेल तर काय होते, हे फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशात दिसले. त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरून चोरांनी न्यूयॉर्कमधल्या तिच्या खात्यातून जवळजवळ ९५ कोटी डॉलर काढण्याचे आदेश पाठवले. बहुतेक आदेश अडले, एका आदेशातल्या चुकीच्या स्पेलिंगनेही संशय आला. तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोहोचलेच. तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने नंतर सांगितले की तिथे फायरवॉल नव्हती आणि जाळे जोडायला दहा-दहा डॉलरची जुनी यंत्रे वापरली होती. एका राष्ट्राच्या तिजोरीपुढचा दरवाजा असा होता.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून, बनावट कार्डांवर, सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात कोल्हापूरसह अनेक शहरांतून आणखी अडीच कोटी गेले. १३ ऑगस्टला हाँगकाँगमधल्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने उत्तर कोरियाविषयीच्या अहवालात या चोरीचा उल्लेख केला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली.

हे कसे झाले? एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या संगणकाला विचारते, स्विच मुख्य खातेवहीला विचारतो, आणि ‘द्या’ असे उत्तर आले की नोटा बाहेर पडतात. चोरांनी आत शिरून या स्विचची तोतया प्रतिमाच उभी केली. विचारणा तोतयाकडे जायची आणि तोच ‘द्या’ म्हणायचा. खातेवहीपर्यंत प्रश्न पोहोचतच नसे. म्हणूनच ग्राहकांची खाती सुरक्षित आहेत असे बँक सांगू शकली. नुकसान बँकेच्या अंगावर आले.

आता दोन्ही घटनांचे वार पाहा. बांगलादेशातली चोरी गुरुवारी रात्री सुरू झाली. तिथे शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी, अमेरिकेत शनिवार-रविवार, आणि मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. कॉसमॉसची चोरी झाली तो ११ ऑगस्ट महिन्याचा दुसरा शनिवार होता, बँका बंद असण्याचा दिवस. चोराने तुमची भिंत किती जाड आहे हे तर पाहिलेच. पण पहारेकरी केव्हा घरी जातो हे त्याआधी पाहिले.

ओळखीच्या रस्त्याने

तिसरा प्रकार याहून अवघड. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम अचानक हाती करावे लागले. हल्ला बंदरावर नव्हताच. युक्रेनमध्ये हिशेबाची एक आज्ञावली सर्रास वापरत. तिच्या सुधारित आवृत्तीतच विषाणू मिसळला गेला. ती वापरणाऱ्या कंपन्यांत तो शिरला, त्यांच्या जगभरच्या जाळ्यांत पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहामार्फत आपल्या बंदरात पोहोचला. हा पाहुणा सोंग घेऊन आला नव्हता. ओळखीच्या माणसाबरोबर, रीतसर दारातून आला होता.

२०२४ चा जुलैही असाच. क्लाउडसेक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार त्या घटनेची सुरुवात सी-एजला सेवा पुरवणाऱ्या दुसऱ्याच एका कंपनीच्या, नीट बंदोबस्त न केलेल्या सर्व्हरपासून झाली. म्हणजे लहान बँकेची वेस मोठ्या कंपनीत, आणि त्या कंपनीची वेस तिच्याही पुरवठादाराकडे. ठेवीदाराला यांतली फक्त पहिली पाटी दिसते.

बँकेत घातलेल्या आयुष्यातून मला याबाबत एक गोष्ट पक्की समजली आहे. नियम धाब्यावर बसवणारे थोडे असतात. नियमाला ‘तात्पुरती’ सूट देणारे पुष्कळ असतात. यंत्र बिघडले, दुरुस्त करणारा बंगळुरात बसला आहे, त्याला दोन तास आत येऊ द्या म्हणून एक खिडकी उघडली जाते. दुरुस्ती होते, सगळे चहा पितात, खिडकी उघडीच राहते. पुढे साहेबांची बदली होते आणि ती खिडकी कशासाठी होती हे कोणालाच आठवत नाही. फायरवॉलच्या नियमांच्या यादीत अशा विसरलेल्या ओळी साचत जातात. पेटी विकत घेतली की पहारा झाला असे नव्हे. यादी दर काही महिन्यांनी वाचून पाहणारा, नको त्या ओळी खोडणारा आणि रात्री वाजलेली घंटा ऐकणारा माणूस लागतो.

नियम आपल्याकडे नाहीत असे नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी जून २०१६ मध्ये सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी, किमान अटी आल्या. डिसेंबर २०१९ मध्ये बँकांच्या संगणकीय पसाऱ्यानुसार चार पायऱ्या ठरल्या. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला की हल्ला झाल्याचे कळल्यापासून सहा तासांत कळवावे आणि येण्याजाण्याच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात. वेशीवरच्या नोंदवहीचेच हे नवे रूप.

अडचण कागदाची नाही, माणसाची आहे. देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश महाराष्ट्रात. चार-पाच शाखांच्या बँकेने रात्रंदिवस पहाऱ्याला तज्ज्ञ कुठून आणायचे? तो परवडत नाही. आलाच तर वर्षभरात मोठ्या शहरात निघून जातो. म्हणून काम कंत्राटावर जाते, आणि सर्वांत स्वस्त निविदा भरणाऱ्याकडे जाते. जुन्या गावगाड्यात वेसकराच्या भरवशावर गाव झोपत असे आणि त्याचे स्वतःचे घर मात्र गावाने वेशीबाहेर ठेवले होते. त्या अन्यायाशी आजच्या कंत्राटी नोकरीची तुलना करायची नाही. पण पहारा मोलाचा आणि पहारेकरी मात्र कमी मोलाचा, ही आपली सवय जुनी आहे.

उपाय एकत्र येण्याचा आहे, आणि सहकाराला तो नवा नसावा. एका शेतकऱ्याला साखर कारखाना काढणे शक्य नव्हते म्हणून शेकडो शेतकऱ्यांनी मिळून काढला. नागरी बँकांची शिखर संस्था मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. लहान बँकांना सामायिक संगणकसेवा देणे हे तिचे एक काम आहे. तिने सामायिक पहाऱ्याला अग्रक्रम द्यावा. मात्र ३०० बँका एकाच दारातून ये-जा करू लागल्या की ते एक दार किती मजबूत असले पाहिजे, हा धडा जुलै २०२४ ने दिलेलाच आहे. सामायिक पहाऱ्याचे दुसऱ्या कोणी तरी परीक्षण केले पाहिजे. तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे ठरले पाहिजे.

ठेवीदाराच्या हातात काय आहे? काही हक्क आहेत. २०१७ सालच्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांनी स्पष्ट केले की बँकेच्या हलगर्जीमुळे खात्यातून पैसे गेले तर भार ग्राहकावर नाही. आणि दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच ठिकाणी असेल, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्यावरही नाही. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० हा क्रमांक फिरवावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

पण याहून मोठा हक्क आपण वापरतच नाही. सहकारी बँकेचा भागधारक हा नुसता ग्राहक नसतो, मालक असतो. दरवर्षी सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा होते. तिथे लाभांश किती आणि भेटवस्तू काय, यावर तावातावाने चर्चा होते. अहवालाच्या कुठल्याशा पानावर ‘संगणक सुरक्षा’ असा एक खर्च असतो. त्यावर हात वर झालेला मी पाहिला नाही. यंदा एखाद्या निवृत्त शिक्षकाने, एखाद्या बचतगटाच्या ताईने उभे राहून तीनच प्रश्न विचारावेत. आपल्या बँकेच्या संगणकांत बाहेरून कोणाकोणाला येता येते? त्या परवानग्यांची यादी शेवटची केव्हा तपासली? आणि दुसऱ्या शनिवारी रात्री बारा वाजता घंटा वाजली, तर उठणाऱ्या माणसाचे नाव काय?

पहिल्या दोन प्रश्नांना संचालक मंडळ कदाचित छापील उत्तर देईल. तिसऱ्याला एक नाव सांगावे लागेल. ते सांगता आले नाही, तर सभेने तो ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नये.